तुझ्या रात्रींचा हेवा

प्रिय आई,

हे मी हाताने लिहिते आहे. लिहून झालं की पानांचे फोटो काढून तुला पाठवेन. फोनवर बोलायला गेलं की आपण दोघी नुसत्या बातम्या सांगतो. इकडे बर्फ किती पडला, तिकडे ऊन किती तापलं, अनिकाची परीक्षा, तुझं बीपी. बातम्या संपल्या की तू म्हणतेस, "चल, ठेवू?" आणि मी म्हणते, "ठेव." ऑक्टोबरात तू इथून परत गेलीस तेव्हापासून तर त्या बातम्याही आटल्या आहेत. म्हणून पत्र. अक्षर लागलं नाही तर बोटांनी मोठं करून वाच.

सरळच सांगून टाकते. मला तुझा हेवा वाटतो. लोकांसमोर मी त्याला कौतुक म्हणते, "आमची आई म्हणजे ना, धमाल आहे" असं हसून सांगते, पण घरी येऊन तुझे फोटो एकेक करून मोठे करून बघते आणि जळत राहते. एकोणसत्तर वर्षांच्या स्वतःच्या आईवर जळणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. असली तरी ती बोलत नसेल.

हे सुरू झालं हनोईच्या फोटोपासून. मी दुपारच्या सुटीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून डबा खात होते. त्या आठवड्यात आमच्या कंपनीत गाडीच्या सीटांची थंडीतली चाचणी चालली होती. बर्फाळ खोलीत सीट ठेवायची आणि तिचं कापड चिरतं का ते बघायचं. खोलीबाहेरची हवाही काही फार वेगळी नव्हती. तेवढ्यात फोन उजळला आणि तू दिसलीस. फुटपाथवर, बालवाडीत असतात तसल्या लाल प्लास्टिकच्या स्टुलावर, गुडघे पार हनुवटीला टेकलेले, हातात बिअरचा ग्लास. ज्या गुडघ्यांपायी तू रामटेकच्या पायऱ्या सोडल्यास तेच हे गुडघे. शेजारी शैलामावशी, तुझ्या बँकेतली, तोंडात शेंगदाणा टाकण्याच्या बेतात. खाली तू लिहिलं होतंस, "इथे रात्र आत्ता कुठे सुरू होते म्हणे. मज्जा." मज्जा! तू हा शब्द लिहिलेला मी जन्मात पाहिला नव्हता. माझा डबा थंड झाला होता. मी तो तसाच खाल्ला.

त्याच्या आदल्या वर्षी तू टूर कंपनीबरोबर गेली होतीस तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. ती सहल मला समजत होती. परदेशात जाऊन संध्याकाळी वरणभात, लगेच खोलीची किल्ली, आणि पहाटे उठून बसमध्ये. पण एका मुक्कामाला तू आणि शैलामावशी सगळ्यांबरोबर लिफ्टने वर गेलात, जिन्याने गुपचूप खाली आलात आणि चौकातल्या गर्दीत जाऊन बसलात. शाळा चुकवलेल्या मुलीसारखी हसत तू मला ते सांगितलंस. त्यानंतर तुम्ही टूर कंपनीचं नाव काढलं नाही. दोघींनी आपली आपली तिकिटं काढायची, दिवसा हॉटेलात झोपायचं, गुडघ्यांना तेल लावायचं आणि उन्हं उतरली की बाहेर पडायचं. संग्रहालयं नाहीत, किल्ले नाहीत. इथल्या बायका मला विचारतात, "आईंनी इस्तंबूलमध्ये काय काय पाहिलं गं?" काय सांगू त्यांना? रात्री जेवायला बसलेली माणसं पाहिली.

आता माझ्या रात्री ऐक. आमच्या या नोव्हाय गावात डिसेंबरात पाचलाच अंधार पडतो. गराजचं दार वर जातं, गाडी आत येते, दार खाली येतं आणि दिवस संपतो. शेजाऱ्यांच्या खिडक्यांत टीव्हीचा निळा उजेड असतो, त्यावरून कळतं की माणसं राहतात. शंतनू साडेनवाला सोफ्यावरच घोरायला लागतो. चांगला आहे गं तो, पण झोपतो. शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ करून न्यायचा. अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये पनीर, बेसमेंटमध्ये पुरुषांच्या ग्रीन कार्डाच्या गप्पा, किचनमध्ये आम्हा बायकांच्या मुलांच्या कॉलेजांच्या गप्पा. कुणीतरी पहिली जांभई देतं आणि सगळ्यांना सुटल्यासारखं होतं. वीस वर्षं मी या देशात अशा रात्री काढल्या, आणि मला वाटायचं की माझ्या वयाच्या सगळ्याच बायकांच्या रात्री अशाच जात असणार. मग तू स्टुलावर बसलीस.

तू म्हणशील, मग जा ना कुठेतरी, अडवलंय कुणी? तुला मी हे आधीही सांगितलंय, पण तू ते दरवेळी विसरतेस, कारण तुझ्या पासपोर्टात आता शिक्के मारायला जागा उरली नाही. आम्ही नोकऱ्या बदलत राहिलो, त्यामुळे ग्रीन कार्डाची रांग उशिरा धरली, आणि ती हलत नाही. माझ्या पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला. इथे राहायला, काम करायला तो लागत नाही, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की भारतात जाऊन नवा शिक्का घेतल्याशिवाय परत आत येता येत नाही. आमच्या ओळखीतला शिव बहिणीच्या लग्नाला हैदराबादला गेला, त्याची मुलाखतीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. इथे त्याची बायको एकटी बर्फ ओढते आणि तो तिकडे रात्र-रात्र जागून इथलं काम करतो. त्याचं ऐकल्यापासून आम्ही सगळ्यांनी आपापले पासपोर्ट कपाटात आणखी आत सरकवले. बाबा गेले तेव्हा विमानंच बंद होती. नंतर विमानं सुरू झाली, पण मी आले नाही. तू फिरत राहिलीस आणि मी इथून बघत राहिले.

इस्तंबूलचा व्हिडिओ शैलामावशीने काढला होता. लांबच लांब टेबल, मासे, लिंबाच्या फोडी, कोपऱ्यात वाद्यं घेऊन बसलेले तिघे-चौघे, आणि आजूबाजूची सगळी अनोळखी माणसं एकच गाणं गाताहेत. तू टाळ्या वाजवते आहेस. मग समोरची एक जाडजूड बाई उठते, तुझा हात धरून तुला उभं करते, आणि तू नाचतेस. खांदे हलवत, मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून. आई, तू नाचतेस हे मला माहीत नव्हतं. शेहेचाळीस वर्षांची झाले मी, आणि माझ्या आईला ठेका कळतो हे मला एका तुर्की बाईकडून कळलं. मी तो व्हिडिओ तुझ्यासाठी पाहिला नाही, त्या बाईसाठी पाहिला. तिने तुझा हात किती सहज धरला, ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले. शैलामावशीचाही मला राग आला. तुझ्या प्रत्येक फोटोत ती तुझ्या दंडाला धरून असते. कोण लागते ती तुझी?

आणि अथेन्सचं तर तू विसरलीही असशील. मी कामावरून येऊन डिशवॉशर लावत होते, सहज तुला फोन केला. तुझ्याकडे मध्यरात्र उलटून गेली असणार हे माझ्या लक्षातच आलं नाही. तू उचललास, मागे हा गलका, ग्लासांचा आवाज, कुणीतरी मोठ्याने हसतंय, आणि तू ओरडलीस, "काही ऐकू येत नाहीये गं! उद्या करते!" आणि ठेवलास. मी हातात काचेचा बाऊल घेऊन उभी. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या घरून तुला असा फोन करायची माझी किती इच्छा होती! त्या रात्री मी शंतनूशी भांडले, त्याने चमचे उलटे लावले म्हणून. अनिका तेव्हा कॉलेजला जायची होती, घरीच होती. ती पायऱ्यांवर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मॉम, धिस इज नॉट अबाउट स्पून्स. यू आर सो जेलस ऑफ आजी." मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

पण तिने शब्द बरोबर पकडला होता. त्या हेव्याला मूळ आहे आणि ते मूळ आपल्या त्रिमूर्तीनगरच्या घरात आहे, हे तुलाही माहीत आहे. मला दिवेलागणीच्या आत घरी यायचं असायचं. पाळणाघरातल्या पोरीला नाही, इंजिनीअरिंगच्या मुलीला! आमचा सगळा ग्रुप फुटाळ्याला जायचा, तलावावर कणीस खायचा, मी मात्र क्लास सुटला की स्कूटी काढायची. आजही मला विचारलं की फुटाळा रात्री कसा दिसतो, तर सांगता येणार नाही. मला नागपूरची रात्र ठाऊकच नाही. तू दारात उभी असायचीस. रागवायची नाहीस, नुसती बघायचीस, आणि मी आत आले की दार लावून घ्यायचीस. मी विचारलं तर एकच उत्तर, "लोक काय म्हणतील." दुसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात मला वकिलीणबाईचं काम मिळालं. तालमीत एकदा उशीर झाला. घरी आले तर बाबा पेपर वाचत होते. "उशीर झाला का बेटा?" एवढंच त्यांनी विचारलं, तेही मऊ आवाजात. तू स्वयंपाकघरात हात पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसली होतीस. वाफ लागली म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू स्वतः कॉलेजात गेलीस आणि माझं नाव नाटकातून काढून आलीस. मला वाटलं, हिला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही. बाबा तर एका शब्दानेही रागावले नव्हते! कितीतरी वर्षं मी तुझ्यावर रुसून बाबांच्या बाजूने राहिले.

मग तू ऑक्टोबरात आलीस. दोन दिवस घरात बसलीस, पानगळ बघितलीस, आणि तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "नेत्रा, इथली रात्र दाखव की." मला लाज वाटली. डेट्रॉइट इथून अर्ध्या-पाऊण तासावर, पण रात्रीचं डेट्रॉइट मी कधी पाहिलेलंच नाही. माझ्या शहरातली जागाही तूच शोधून काढलीस, फोनवर. जुना जॅझ क्लब, जेवण मिळतं म्हणून अनिकालाही आत सोडतात. ती अॅन आर्बरच्या कॉलेजातून शनिवार-रविवारची आली होती. दारावरच्या धिप्पाड माणसाने सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. अनिकाच्या हातावर काळी फुली मारली, तिला दारू देऊ नये म्हणून. तुझा पासपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "यू मे गो इन, यंग लेडी." तू लाजलीस. तू वाइन मागवलीस. मी गाडी चालवणार म्हणून सोडा.

तिथे तू पाच मिनिटांत घरच्यासारखी झालीस. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या काळ्या बाईंना तू तुझ्या बँकेतल्या इंग्रजीत काहीतरी विचारलंस, त्यांनी तुला 'हनी' म्हटलं, आणि मग तुम्ही दोघी खुर्च्यांत बसल्या-बसल्या एकाच ठेक्यावर डोलायला लागलात. मी ताठ बसले होते. टाळी कुठे वाजवायची तेही मला कळत नव्हतं. सगळ्यांनी वाजवली की मी वाजवायची. एक गाणं संपलं आणि अनिकाने तुला विचारलं, "आजी, तुला नाइट एवढी का आवडते?"

तू ग्लास खाली ठेवलास. तिला कळावं म्हणून सोप्या मराठीत, सावकाश बोललीस. म्हणालीस, "मला दिवसा कधीच भीती वाटली नाही बाळा. रात्रीची वाटायची." अनिका म्हणाली, "ऑफ व्हॉट? चोर?" तू म्हणालीस, "तुझ्या आजोबांची. तुझी आई घरात असली की ते काही करायचे नाहीत. तिच्यासमोर ते फार चांगले वागायचे. म्हणून मी तिला बाहेर जाऊ द्यायची नाही. लोक काय म्हणतील वगैरे सांगायची, पण मला ती घरात हवी असायची." अनिकाने तुझा हात धरला. तेवढ्यात सॅक्सोफोनवाल्याने पुढचं गाणं सुरू केलं, आणि तू वळून परत डोलायला लागलीस. सहज, जणू भाजीचा भाव सांगितलास. येताना तू गाडीत झोपलीस. अनिका मागे बसून खिडकीतून बाहेर बघत होती. मी गाडी चालवत होते, आणि दोनदा लेन सोडली.

आई, त्या रात्री मला काय वाटलं ते सांगायची हिंमत मी इतके महिने गोळा करते आहे. तुला वाटत असेल की मला तुझी दया आली. ती आली, पण नंतर. सगळ्यात आधी मला अनिकाचा हेवा वाटला. तू तिला सांगितलंस. मी शेजारी बसले होते, हातभर अंतरावर, आणि तू तिच्याकडे बघून बोललीस. बाबांबरोबर एका छताखाली तुझ्यासोबत मी राहिले, दार लावल्यावर आत मी होते, आणि ही गोष्ट ऐकायचा मान मिळाला अठरा वर्षांच्या पोरीला, जिला अर्धं मराठी कळत नाही! सोमवारी तू थालीपीठं लावलीस, मी ऑफिसला गेले, आणि तू परत जाईपर्यंत आपण दोघी हवामानावर बोललो.

आता बाबांचं मी काय करू ते मला कळत नाही. सायकलचा ब्रेक आवळायला त्यांनी मला शिकवलं. परीक्षेच्या दिवशी ते गेटबाहेर उन्हात उभे राहायचे. ते सगळं खरंच होतं, आणि पातेल्यातला तुझा हातही खरा. त्या दोन बाबांना मी अजून एका जागी बसवू शकलेले नाही. आणि तुझ्यावर राग आहेच. तू मला तुझी राखण करायला ठेवलंस आणि मला सांगितलंही नाहीस. सांगितलं असतंस तर मी आपणहून घरी थांबले असते गं. नाटक मीच सोडलं असतं. मग तुझ्या हनोईच्या फोटोकडे बघून मी म्हणाले असते, बस गं आई, तू बसायलाच हवंस. आता तसं म्हणायला जाते आणि तुझं बीपीच विचारते. तुझ्या रात्री तुला भरपाई म्हणून मिळाल्या हे मला पटतं. माझ्या कुठे आहेत, हा प्रश्न तरीही उरतोच.

मग गेल्या महिन्यात तुझा फोन आला. शैलामावशी क्युपर्टिनोला निघाली, लेकीला जुळी झाली म्हणून. आता वर्षभर तरी ती तिकडेच. तू म्हणालीस, "मी लिस्बनचं कॅन्सल केलं. एकटीने रात्री कुठे बसायचं? आणि पाहिलं की बरंच. पुरे झालं." मी म्हणाले, "बरं झालं. या वयात दगदग नकोच." फोन ठेवला आणि आई, मला आनंद झाला. मी शिट्टी वाजवत कणीक मळली. शंतनूने विचारलंसुद्धा, "काय, प्रमोशन मिळालं का?" त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली. आता आपण दोघी सारख्या झालो, असं काहीतरी वाटलं असणार. तू घरात, मी घरात.

त्या शनिवारी प्रीताकडे पॉटलक होतं. प्रीता पुण्याची, आमच्या गावातच राहते, तुला भेटलीय. किचनमध्ये नेहमीचा प्रश्न आला, "आई सध्या कुठल्या देशात?" मी सांगितलं की आईने आता बंद केलं. प्रीताच्या हातातला डाव तसाच राहिला. "अरे यार! असं कसं? मी तर काकूंचे फोटो बघून दिवस ढकलते." आणि तिच्या शेजारची एक बाई, नाव नको, सॅलडमध्ये लिंबू पिळत म्हणाली, "बरं झालं. या वयात दगदग नकोच." माझेच शब्द! आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? समाधान. डाएटवर असलेल्या माणसाला दुसऱ्याने जिलेबी नाकारली की जे वाटतं ते. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला तिचा इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले. ती कोण माझ्या आईला 'बरं झालं' म्हणणारी? मग आरशात बघितलं. जी म्हणाली होती तीच समोर होती.

घरी येताना गाडीतच शंतनूला सांगितलं, मी आईकडे जाते आहे. तो म्हणाला, "वेड लागलंय का तुला? शिवचं काय झालं बघितलंस ना? परत येता आलं नाही तर?" मी म्हणाले, "तर तू आणि अनिका मला भेटायला या." त्याने गाडीतल्या रेडिओचा आवाज वाढवला. एका सकाळी मी उठले तर तो अंधारात लॅपटॉप उघडून बसला होता. म्हणाला, "व्हिसाच्या मुलाखतीच्या रद्द झालेल्या तारखा पहाटे दिसतात म्हणे. ही बघ, मार्चमधली एक आहे. घेऊ?" मी म्हटलं, "घे." अनिकाला फोन केला तर ती किंचाळली, आणि मग म्हणाली, "बट मॉम, यू डोन्ट नो हाऊ टू हॅव फन." मी म्हटलं, शिकेन.

तर हे सगळं लिहायचं कारण असं, की मी येते आहे. मार्चमध्ये मुंबईला वकिलातीत मुलाखत आहे, तिथून तुझ्याकडे नागपूरला, आणि एप्रिलमध्ये आपण दोघी लिस्बनला. तू सोडून दिलेली खोलीच मी परत घेतली आहे, दोन कॉटची. शिक्का मिळाला तर तिथून इकडे परत येईन. तारीख पुढे गेली तर आधी लिस्बन, मग पुन्हा मुंबई, आणि तोवर तुझ्याकडे. नोकरी राखून ठेवण्याबद्दल मॅनेजर 'बघू' म्हणाला आहे, आणि त्याच्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. परतीचं तिकीट मी अजून काढलेलं नाही. बाबांबद्दल आपण बोलू, मला पुष्कळ विचारायचंय, पण ते दिवसा, खोलीत, तुझ्या गुडघ्यांना तेल लावताना. रात्री नको. आणि एक आधीच सांगून ठेवते. मी तुला सांभाळायला येत नाहीये. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तसं सांग हवं तर. मला तिथे गर्दीत बसायचंय, कळत नसलेलं गाणं ऐकायचंय, टाळी चुकीच्या जागी वाजवायचीय, वाइन मागवायचीय, आणि तिथली वाढपी पोरं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागेपर्यंत उठायचं नाहीये. तू दमलीस तर खुशाल खोलीवर जाऊन झोप. मी बसणार आहे.

तुझ्यावर जळणारी, आणि तुझीच,
नेत्रा